पट्टा का फाटला?

दादीचं सागवानी तख्त रमजानआधी नवं करायचं आम्ही ठरवलं. शेवटची काही वर्षं दादी त्यावरच बसून नमाज अदा करायच्या. आता अब्बांचे गुडघेही जमिनीवर बसू देत नाहीत. सुट्टीच्या दिवशी बेल्ट सँडर भाड्यानं आणलं, सोबत १२० नंबरचे तीन पट्टे. असरपर्यंत दोन पट्टे वाया गेले होते आणि तख्ताची एक फळीसुद्धा धड निघाली नव्हती.

चूक आमचीच. ओरखडे पडू नयेत म्हणून बारीक पट्ट्यानं सुरुवात केली. तख्तावर खाली लाखेचं जुनं पॉलिश आणि वर कुणाच्याशा लग्नात चाचांनी फासलेला ऑइलपेंट. घासताना पट्टा तापतो, लाख आणि रंग मऊ होऊन त्याच्या कणांमधल्या फटींत बसतात. मग पट्टा कापत नाही. आपण जोर लावतो, तो आणखी तापतो. पहिला पट्टा असा काळाकुट्ट, गुळगुळीत झाला. दुसरा वर आलेल्या खिळ्यावर फाटला.

गल्लीतले सुतार मिस्त्री बघून हसले. "मास्तर, मशीन लाकूड घासायला आहे, रंग काढायला नाही."

मग खिळे ठोकून आत बसवले. रंग खरवडणीनं काढला, लाख स्पिरिटच्या फडक्यानं पुसली आणि स्पिरिट पूर्ण उडेपर्यंत मशीनला हात लावला नाही. ठिणगीनं पेट घ्यायची भीती. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तोंडाला मास्क आणि मुलं अंगणाबाहेर. (मुलांना हे अजिबात पटलं नाही.)

६० आणि ८० नंबरचा एकेक पट्टा विकत आणला. आधी ६०, मग ८०, शेवटी उरलेला १२०. मशीनचं वजन पुरेसं असतं, वरून दाबायचं नाही. एका जागी न थांबता लाकडाच्या रेषेनं फिरवत राहायचं. पट्ट्याच्या आत बाण असेल तर तो मशीनवरच्या बाणाच्या दिशेनंच बसवावा, नाहीतर सांधा अडकून उकलतो. सागाला अंगचं तेल असतं, त्यामुळे पट्टा तरीही भरतोच. त्यावर मिस्त्रींचा इलाज जुन्या बुटाच्या क्रेप रबरी तळव्याचा. मशीन उलटं घट्ट बांधून चालत्या पट्ट्यावर तो लांब तुकडा हलकेच टेकवला की अडकलेला भुसा रबराला चिकटून निघतो. फोमची चप्पल मात्र नको, ती वितळून पट्ट्यालाच चिकटते.

काम संपल्यावर मशीनचा ताण सैल करून पट्टे काढले. घडी घातली तर मोड पडून तिथेच तुटतात आणि पावसाळी दमट हवेत सांध्याचा गोंद सुटतो. म्हणून ते कपाटात जाड पाइपावर टांगलेत.

तिन्ही पट्ट्यांत सगळं तख्त झालं. पॉलिशचा शेवटचा हात अजून ओला आहे. अब्बा रोज फजरनंतर बोट लावून बघतात, आणि आम्ही रोज तो ठसा पुसतो.