मनात उठलेली अफवा



एखादी बँक बुडणार अशी अफवा गावात उठली की ठेवीदार पासबुके घेऊन दाराशी गर्दी करतात. ती गर्दी पाहून आणखी लोक धावत येतात. बँक भक्कम असली तरी भीतीच भीतीला वाढवीत जाते. अशा वेळी अनुभवी अधिकारी शटर खाली ओढीत नाही. तो काउंटर चालू ठेवतो, मागेल त्याला शांतपणे पैसे देतो आणि हळूहळू गर्दी ओसरते.

ज्याला ‘पॅनिक अटॅक’ म्हणतात, तो शरीरात असाच घडतो. दुकानात गिऱ्हाईक करताना, प्रवासात, क्वचित झोपेतही एकाएकी छाती धडधडू लागते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, श्वास अपुरा पडतो, बोटांना मुंग्या येतात आणि आता आपला शेवट आला असे वाटू लागते. ही लाट बहुधा दहा मिनिटांच्या आत टोकाला जाते आणि मग उतरू लागते.

संकटसमयी शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी कसे सज्ज होते, याचे विवेचन अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या ग्रंथात केले. पॅनिक अटॅकमध्ये हीच यंत्रणा संकट नसताना कामाला लागते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पुढचा दुवा दाखविला. धडधड वाढली की माणूस तिचा अर्थ ‘हृदय बंद पडणार’ असा लावतो. त्या अर्थाने भीती वाढते आणि भीतीने धडधड आणखी वाढते. घाईघाईने श्वास घेतल्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो. चक्कर व मुंग्या बहुतांशी त्यामुळेच येतात.

मात्र येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. छातीत प्रथमच असा त्रास झाला, तर तो मनाचाच आहे असे घरी ठरवू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी तर क्षणाचाही विलंब करू नये. हृदय आणि थायरॉइड यांच्या तपासण्या निर्दोष आल्यानंतरच पुढील विचार करावा.

निदान निश्चित झाल्यावर पुन्हा अटॅक आला, तर त्याच्याशी झुंजू नये. आहे तेथेच बसावे. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडावा. ‘हे त्रासदायक आहे, पण ओसरणारे आहे’ असे मनाशी म्हणावे. शक्य झाल्यास हातातले काम पुढे चालू ठेवावे.

खरे नुकसान अटॅकपेक्षा टाळाटाळीने होते. आधी मुंबईची खरेदी बंद होते, मग लग्नकार्याला जाणे, आणि शेवटी दुकानाच्या गल्ल्यावर बसणेही नकोसे होते. हेच ते शटर ओढणे. म्हणून टाळलेल्या जागी थोडे थोडे पुन्हा जावे लागते. यासाठी प्रशिक्षित तज्ज्ञाकडून मिळणारी ‘कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी’ उपयुक्त ठरलेली आहे. गरजेनुसार मनोविकारतज्ज्ञ औषधेही देतात. त्यांतील काहींचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, तर तात्पुरती शांत करणाऱ्या काही गोळ्यांची सवय जडू शकते. म्हणून दुसऱ्याची चिठ्ठी पाहून औषध घेऊ नये आणि चालू औषध एकाएकी थांबवू नये. पर्युषणात उपवास करावयाचे असतील, तर गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना आधीच विचारून घ्याव्यात.

आपल्या घरांत मुलामुलींच्या स्थळांना बाधा येईल या धास्तीने असे त्रास झाकले जातात. बाजारात पत जाईल, हीही भीती असते. परंतु झाकलेला आजार वाढतो आणि कर्ता माणूस घरातच अडकून पडतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांच्या उपचारांसाठीही वैद्यकीय विम्याची तरतूद करणे विमा कंपन्यांना बंधनकारक आहे. आपली पॉलिसी त्या दृष्टीने वाचून पाहावी. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य व अहोरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

घरच्यांना एकच विनंती. ‘उगाच काय घाबरतोस?’ असे म्हणू नका. त्याची भीती त्या क्षणी खरीच असते. शेजारी बसा, आपला स्वर शांत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे त्याच्यासोबत जा.