जुनं वेगळं, गळकं वेगळं

घर विकायला काढलं की दोन गोष्टी आपोआप घडतात. पहिली म्हणजे, गेल्या पंधरा वर्षांत जो नातेवाईक आपल्याकडे साध्या चहालाही फिरकला नाही, तो सल्ला द्यायला सहकुटुंब येतो. दुसरी म्हणजे, ज्या घरात आपण चाळीस वर्षं सुखानं लोळलो त्या घराची आपल्यालाच लाज वाटायला लागते. कालपर्यंत जी नुसती फरशी होती ती एका रात्रीत ‘जुनी फरशी’ होते. ओट्याचा ‘जुना ओटा’ होतो, दाराचं ‘जुनाट दार’ होतं. आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच क्रियापद येतं, ‘फोडा!’

माझं भांडण या क्रियापदाशी आहे.

आधी माझा अधिकार सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा कोण टिकोजीराव? मी बी.कॉम. आहे, तेही सेकंड क्लास. गेली बावीस वर्षं बँकेत कारकून आहे. आता आमच्या जागेला ‘कस्टमर असोसिएट’ म्हणतात. खुर्ची तीच आहे, तिचा डावा हात आजही हलतो, पगारातून कापायचं ते कापलं जातंच. फक्त नाव नवं. (नाव बदललं की वस्तू नवी होते, असं मानणारे लोक फक्त हेड ऑफिसात असतात असं समजू नका. या लेखात ते पुढे पुन्हा भेटतील.) या बावीसपैकी सात वर्षं मी गृहकर्जाच्या टेबलावर काढली. लोक घरावर किती पैसे उधळतात आणि बँक त्यातले किती मोजते, हे मी तिथं रोज बघितलं.

आता प्रकरण. आमच्या वडिलांनी १९७६ साली कर्वे रोडच्या आतल्या अंगाला दोन खोल्या, स्वयंपाकघर असा फ्लॅट घेतला. दुसरा मजला, लिफ्ट नाही. जमिनीला मोझेक, ओट्याला कडप्पा, गॅलरीत शहाबादी, दारं सागवानी, हॉलमध्ये झोपाळ्याच्या कड्या आणि स्वयंपाकघरावर एक माळा, ज्याच्यावर काय आहे हे घरातल्या कोणालाच माहीत नाही. वडील गेले, आई माझ्याकडे आली, आणि फ्लॅट विकायचं ठरलं. दादा डोंबिवलीला, ताई नाशिकला. तिघांनाही एक गोष्ट एकदम मान्य होती : हे पैसे आईचे. तिची औषधं, तिच्या रात्रीच्या बाई आणि तिचं ‘मला कोणाकडे हात पसरायला लावू नका’ हे सगळं या पैशांतून निघायचं होतं. म्हणजे इथं आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. एकेक लाख म्हणजे आईचे काही महिने होते.

दलाल आला. त्यानं बूट न काढता घर बघितलं आणि डॉक्टरनं नातेवाइकांना बाजूला घ्यावं तसं मला गॅलरीत घेतलं.

“साहेब, सहा लाख लावा. फरशी, ओटा, बाथरूम, दारं, सगळं फोडून नवं. बारा लाख जास्त येतील.”

“बारा लाख लिहून द्याल?”

“मार्केटची गोष्ट आहे साहेब, लिहून कोण देणार?”

“मग सहा लाखांचं हे कोटेशन मात्र बरं लिहून आणलंत!”

कोटेशन त्याच्या मेहुण्याचं होतं, हे सांगायला नकोच.

दादा लगेच त्याच्या बाजूनं झाला. “अरे, गिऱ्हाईक पहिल्या नजरेत ठरवतं. मोझेक बघितलं की म्हणतं, हे लोक मागासलेले.” मी म्हटलं, “दादा, याच मोझेकवर तू गुडघे फोडून घेत रांगायला शिकलास.” “म्हणूनच म्हणतो, फोड!” दादा म्हणाला. सूडाची इतकी जुनी उधारी मी आमच्या थकीत खात्यांतही पाहिली नव्हती.

आता माझा पहिला मुद्दा ऐका, आणि तो ओट्यावर उभा आहे. चारचौघांकडे ओटा बत्तीस-चौतीस इंच उंच असतो. आमचा अठ्ठावीस. आमची आई चार फूट दहा इंच. वडिलांनी गवंड्याला समोर उभं करून, आईला पोळी लाटायची ॲक्शन करायला लावून ओट्याची उंची ठरवली होती. दलालाच्या मते हा घरातला सर्वांत मोठा दोष. खरंच दोष आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण तो फोडून मी नवा किती उंचीचा बांधू? घर घेणारी बाई पाच फुटी येणार का साडेपाच फुटी, हे मला काय माहीत? तिला ग्रॅनाइट काळा हवा का पांढरा, सिंक खिडकीखाली हवं का कोपऱ्यात, आणि तिच्याकडे पोळ्या ती लाटणार का तिचा नवरा? ज्याला आपण पाहिलेलंही नाही त्याच्या मापाचा सदरा शिवून ठेवायचा आणि वर शिलाई त्याच्याकडूनच मागायची, हा कुठला धंदा? ओटा बुटका असेल तर गिऱ्हाईक तो फोडायचा खर्च मागेल. द्यावा. फोडण्याचा खर्च हजारांत असतो, बांधण्याचा लाखांत.

याचा पुरावा आमच्याच सोसायटीत होता. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी विकण्यापूर्वी घराचा पार कायापालट केला. आरशासारख्या चकचकीत टाइल्स, लाल रंगाचं मॉड्युलर किचन. घेणारा आला, खूश झाला, सही केली आणि तिसऱ्या आठवड्यात त्यानं लाल किचन उखडलं. त्याच्या आईला लाल रंग चालत नव्हता. ते किचन जिन्याखाली पावसाळाभर पडून होतं. तिथं मांजरीला तीन पिल्लं झाली. त्या गुंतवणुकीतून जे काही फळ मिळालं ते तेवढंच.

दुसरा मुद्दा हिशेबाचा आहे, आणि इथं मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. जुनं घर घेणारे बहुतेक लोक कर्ज काढून घेतात. कर्ज देण्यापूर्वी बँक मूल्यांकनाला माणूस पाठवते. त्याच्या अहवालात क्षेत्रफळ असतं, मजला असतो, इमारतीचं वय आणि उरलेलं आयुष्य असतं, समोरचा रस्ता किती रुंद, नकाशा मंजूर आहे का, पूर्णत्वाचा दाखला आहे का, हे असतं. ‘किचनचा रंग’ असा रकाना सात वर्षांत माझ्या नजरेला पडला नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या फार तर ९० टक्के देता येतात, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून वर ७५ टक्के. ही किंमत म्हणजे मूल्यांकनात बसेल ती. आपल्या वहिनीला वाटते ती नव्हे. म्हणजे तुम्ही चकचकाटाचे बारा लाख वाढवून मागितलेत, तर बँक म्हणणार, छान आहे, पण आमच्या कागदात बसत नाही. ते बारा लाख गिऱ्हाइकानं खिशातून काढायचे. शिवाय किंमत रेडी रेकनरच्या वर गेली की वाढलेल्या प्रत्येक रुपयावर मुद्रांक शुल्क भरायचं, तेही त्यानंच. जो माणूस पहिला हप्ता जमवताना बायकोच्या पाटल्यांकडे चोरून बघतोय, तो तुमच्या टाइल्ससाठी बारा लाख रोख कुठून आणणार?

घसाऱ्याचं गणितही ऐकून ठेवा. राहत्या इमारतीवर वर्षाला ५ टक्के दरानं, घटत्या शिलकीवर घसारा काढला, तर शंभर रुपयांचं बांधकाम चाळीस वर्षांनी तेरा रुपयांच्या आत येतं. तरीही घराची किंमत शंभरपट का होते? कारण वाढते ती जमीन. गिऱ्हाईक आपल्याकडून पत्ता विकत घेतं, पाणी घेतं, उजेड घेतं, स्कूटर लावायची जागा घेतं. मोझेक त्याबरोबर येतं, भाजीवर कोथिंबीर येते तसं. कोथिंबीर शिळी आहे म्हणून कोणी भेंडी परत करत नाही.

तिसरा मुद्दा फॅशनचा. फॅशन ही आमच्या बँकेतल्या सर्व्हरसारखी आहे : गेली म्हणेपर्यंत परत येते. ज्या मोझेकला दलाल नाक मुरडत होता, तेच सिमेंट आणि संगमरवराच्या खड्यांचं प्रकरण हल्ली महागड्या हॉटेलांत ‘टेराझो’ म्हणून घालतात. कडप्पाला ‘ब्लॅक लाइमस्टोन’ म्हटलं की त्याचा भाव चढतो. कोनाडा असला तर तो ‘निश’ होतो. (भेटले की नाही नाव बदलणारे?) मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या १९३०-४० च्या सुमाराच्या इमारती एके काळी नुसत्या जुन्या होत्या, २०१८ साली युनेस्कोनं त्या जागतिक वारशाच्या यादीत घातल्या. तमिळनाडूत कराईकुडीला तर चेट्टियारांच्या पाडलेल्या वाड्यांचे खांब आणि दरवाजे विकणारा बाजारच आहे. पाडणाऱ्यानं ते काय भावानं दिले असतील ते त्याचं त्याला माहीत, घेणारा मात्र मोजून पैसे देतो. आपल्याकडेही सागवानी दार भंगारवाला जळणाच्या भावानं उचलतो आणि पुढे कुठल्या तरी रिसॉर्टात ते ‘अँटिक’ म्हणून उभं राहतं. दिल्लीत २०२३ साली नवं संसद भवन उघडलं, त्यासाठी सागवान नागपुराहून गेलं. आणि आमच्या दलालाला आमच्या सागवानी दारांना सनमायका चिकटवायचा होता!

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे जुनं ते सगळं सोनंच का? मुळीच नाही. मी काही जुन्याचा भक्त नव्हे. वडिलांची सायकल मी स्वतः विकली आहे. माझं म्हणणं एवढंच, की ‘जुनं’ आणि ‘बिघडलेलं’ या दोन वेगळ्या खात्यांतल्या नोंदी आहेत. एकाचं नावे दुसऱ्याला टाकू नका. मोझेक जुनं आहे. बाथरूमच्या भिंतीतून हॉलमध्ये आलेला ओलीचा डाग बिघडलेला आहे. मोझेक बघून गिऱ्हाईक फार तर नाक मुरडतं, ओल बघून ते पळतं. कारण त्याला डाग दिसत नाही, डागामागचं भांडण दिसतं : वरच्या मजल्याशी, सोसायटीशी, प्लंबरशी. तीच गोष्ट लाकडी पट्ट्यांवरच्या वायरिंगची आणि त्या चिनी मातीच्या फ्यूजची. गीझर लावला की ज्या घरात देव आठवतो, ते घर विकण्याआधी वायरिंग बदललंच पाहिजे. गंजून आतून बुजलेले लोखंडी पाइप, न लागणाऱ्या खिडक्या, कड्या, नळ : इथं पैसे लावा, बिनदिक्कत लावा. संडासाचंही तसंच. गुडघे दुखणारा माणूस भारतीय बैठक बघून मनातल्या मनात जिना उतरायला लागतो. तिथं जुनेपणाच अडचण आहे, तो बदलावा.

म्हणून कसोटी सोपी आहे. एखादी वस्तू बघून गिऱ्हाईक ‘मला आवडत नाही’ म्हणत असेल, तर तिला हात लावू नका. आवडनिवड त्याची, खर्चही त्याचाच. पण ते ‘याच्या मागे आणखी काय असेल?’ असं विचारत असेल, तर ती आजच दुरुस्त करा. पहिल्यात घासाघीस होते. दुसऱ्यात व्यवहारच मोडतो.

या तत्त्वावर आम्ही बाथरूमची गळती काढली, वायरिंग आणि एमसीबी नवे केले, संडास बदलला, मोझेकवर पॉलिशचं मशीन फिरवलं आणि पांढरा रंग काढला. सव्वा लाखाच्या आत सगळं. माळा रिकामा केला, त्यात दादाची दहावीची प्रगतिपुस्तकं निघाली आणि तेव्हापासून त्याचा विरोध बराच मवाळ झाला. फ्लॅट चार महिन्यांनी गेला. घेणाऱ्या बाई पाच फूट सात इंच. ओट्यापाशी वाकून त्यांनी एकदा कमरेला हात लावला आणि त्या बदल्यात पंचवीस हजार कमी करून घेतले. मोझेक त्यांनी ठेवलं. दारं ठेवली. झोपाळा बरोबर मिळेल का, असं दोनदा विचारलं.

फोडलं असतं तर बारा लाख जास्त आले असते का, असं दादा अजून विचारतो. न झालेल्या व्यवहाराची नोंद कुठल्याच वहीत होत नसते. पण न फोडल्यामुळे उरलेले पावणेपाच लाख आईच्या पासबुकात छापून आलेत, आणि त्यावर दर तिमाहीला व्याज पडतं.

तेव्हा घर विकायला काढलंत तर आधी टिपटिपणारा नळ शोधा, आणि मग हातोडा शोधा. हातोडा सापडला की तो शेजाऱ्याला द्या. त्यालाही कोणीतरी सल्ला दिलेला असतोच.