पत्रांनी भरलेले जहाज

२०११च्या जुलैत ग्रीसहून गाझाकडे निघालेल्या एका अमेरिकी जहाजावर ना पीठ होते ना औषधे. होती ती पत्रे, अमेरिकेतल्या नागरिकांनी गाझातल्या अनोळखी माणसांना लिहिलेली. जहाजाचे नाव ओबामांच्या पुस्तकावरून घेतलेले, 'द ऑडॅसिटी ऑफ होप'. प्रवाशांत 'द कलर पर्पल'ची लेखिका ॲलिस वॉकर. बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात ग्रीक तटरक्षकांनी ते अडवले आणि परत फिरवले.

अशा मोहिमांवर एक आक्षेप ठरलेला असतो : हे सारे 'केवळ प्रतीकात्मक' आहे. २०२५च्या जूनमध्ये निघालेल्या 'मॅडलीन'ला तर इस्रायलने 'सेल्फी नौका' म्हणून हिणवले. साहित्याच्या विद्यार्थ्याला यातला 'केवळ' हा शब्द खटकायला हवा. वर्गात आपण प्रतीकाचे सामर्थ्य शिकवतो आणि वर्तमानपत्र हाती घेतले की तोच शब्द शिवीसारखा वापरतो. चिमूटभर मिठाने कोणाचे जेवण खारट झाले, असा हिशेब दांडीच्या बाबतीत आपण मांडत नाही.

तरी हिशेब पाहू. ऑगस्ट २००८मध्ये सायप्रसहून निघालेल्या दोन छोट्या नौका गाझाला खरोखर पोचल्या. त्यांवर कर्णबधिर मुलांसाठी श्रवणयंत्रे होती. जानेवारी २००९मध्ये इस्रायलने सागरी नाकेबंदी रीतसर जाहीर केली. मे २०१०मधल्या सहा जहाजांच्या ताफ्यात मात्र हजारो टन सामान होते. म्हणजे तो केवळ प्रतीकात्मक नव्हता, आणि नेमका तोच रक्ताळला. ३१ मेच्या पहाटे आंतरराष्ट्रीय समुद्रात 'मावी मार्मारा'वर इस्रायली कमांडो उतरले. नऊ जण मारले गेले. दहावा चार वर्षे बेशुद्धावस्थेत राहून २०१४मध्ये गेला. संयुक्त राष्ट्रांच्याच दोन चौकशांचे निष्कर्ष जुळले नाहीत : मानवी हक्क परिषदेच्या मंडळाने नाकेबंदी बेकायदा ठरवली, पामर समितीने ती कायदेशीर म्हटली, पण बळाचा वापर अतिरेकी व असमर्थनीय ठरवला.

त्याच ताफ्यातल्या दुसऱ्या जहाजावर स्वीडिश कादंबरीकार हेनिंग मांकेल होता. आपल्या जहाजावर सापडलेली 'शस्त्रे' म्हणजे दाढीचा रेझर आणि स्वयंपाकघरातला कटर, असे त्याने परतल्यावर सांगितले. यावर हसू येते खरे, पण 'मावी मार्मारा'वरच्या काहींनी लोखंडी कांबी उचलल्या होत्या, हेही लपवण्याचे कारण नाही. कमांडोंच्या गोळ्यांचे समर्थन त्याने होत नाही. मात्र निःशस्त्र नौकेचे सारे बळ तिच्या निःशस्त्रपणात असते. कांब उचलली की दोन विषम बळांतली ती एक साधी झुंज उरते, आणि त्या झुंजीचा निकाल आधीच ठरलेला असतो.

हे बळ झायोनवादी चळवळीला एके काळी चांगले कळले होते, ही इतिहासाची एक कडवट गंमत. १९४७च्या जुलैत नाझी छळातून वाचलेल्या सुमारे साडेचार हजार ज्यूंना घेऊन 'एक्झोडस १९४७' पॅलेस्टाईनकडे निघाले. ब्रिटिश आरमाराने ते अडवले आणि त्या माणसांना अखेर हॅम्बुर्गला, म्हणजे जर्मनीतच, नेऊन उतरवले. जहाज हरले, पण जगाचे मत ब्रिटिशांच्या विरोधात गेले. लिऑन युरिसने त्यावर बेतलेली कादंबरी १९५८ साली लाखो वाचकांपर्यंत पोचली. दोन्ही प्रसंग समान आहेत असे मला म्हणायचे नाही. एक निर्वासितांचे जहाज होते, दुसरी मदतीची. पण अडवलेले जहाज किती बोलू शकते, हे तेल अवीवला कोणी शिकवायला नको होते.

माझी खरी अस्वस्थता निराळी आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये 'ग्लोबल सुमूद' ताफ्यातल्या चाळीसहून अधिक नौका अडवल्या गेल्या. प्रवाशांना ताब्यात घेतले गेले, मग मायदेशी पाठवले गेले. त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण त्यांच्यापाशी परतण्यासाठी देश होता आणि ते परतेपर्यंत कॅमेरे त्यांच्यावर होते. 'मॅडलीन' हे नाव गाझातल्या एका मच्छीमार स्त्रीवरून ठेवलेले. ऑस्लो कराराने तिथल्या कोळ्यांना वीस सागरी मैलांची हद्द दिली होती. पुढे ती कधी सहा, कधी तीन मैलांवर आणली गेली. त्या हद्दीवर रोज जाळे टाकणाऱ्यांच्या होड्यांची नावे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहेत?