व्यवहारज्ञान : एक केबल, दोन कामे

चांदूर बाजारच्या बाजारपेठेतील कोणत्याही पेढीचा खण उघडला, तर जुन्या पावतीपुस्तकांशेजारी काळ्या-पांढऱ्या केबलींचा गुंता हमखास सापडतो. हाताला लागेल ती जोडावी आणि चार्जिंगचे चिन्ह दिसले की काम झाले, अशी सर्वसाधारण रीत आहे. जमा आणि नावे यांची गल्लत कधीही न होऊ देणारी कुटुंबे केबलींच्या बाबतीत मात्र ती रोज करीत असतात.

यूएसबी ही जोडणी १९९६ साली प्रचारात आली. त्यापूर्वी संगणकाच्या कळफलकास, माऊसला आणि प्रिंटरला निरनिराळी तोंडे लागत. अनेक कंपन्यांनी मिळून एकच तोंड ठरविले. त्या कामात इंटेलमधील अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले.

साध्या यूएसबी केबलच्या पोटात चार तारा असतात. दोन तारा पाच व्होल्टची वीज नेतात, उरलेल्या दोन माहितीची ने-आण करतात. स्वस्त केबलींमध्ये पुष्कळदा माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून फरक दिसत नाही.

तो दिसतो तो ई-रीडर संगणकास जोडल्यावर. आजोबांना मोठ्या अक्षरांत वाचता यावा म्हणून नातू एखादा ग्रंथ पीडीएफ स्वरूपात त्यात घालू पाहतो. ई-रीडर चार्ज होतो, पण संगणकाच्या पडद्यावर त्याचे नावच उमटत नाही. दोष उपकरणास दिला जातो, दुरुस्तीची भाषा सुरू होते. वास्तविक आधी केबल बदलून पाहावी. बहुधा तेवढ्याने काम होते. फाइल उतरल्यावरही केबल एकदम ओढू नये. संगणकावर 'इजेक्ट' करूनच ती काढावी. अन्यथा अर्धवट राहिलेल्या नोंदीप्रमाणे फाइल निकामी होऊ शकते.

ई-रीडरला विजेची भूक थोडी असते. ई-इंकचा पडदा मुख्यतः पान उलटतानाच वीज घेतो, म्हणून एकदा चार्ज केल्यावर तो कित्येक दिवस, कधी काही आठवडेही चालतो. त्यास पाच व्होल्टचा साधा, चांगल्या प्रतीचा चार्जर पुरेसा आहे.

घरी जी केबल अपुरी ठरली, तीच प्रवासात मात्र उपयोगी पडते. खरेदीसाठी अमरावती, नागपूर वा मुंबईस जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या मोबाइलमध्ये आज बँक खाते, यूपीआय आणि ग्राहकांचे क्रमांक असे सारेच असते. परक्या ठिकाणच्या यूएसबी तोंडास तो जोडला, तर विजेसोबत माहितीचाही मार्ग उघडू शकतो. या प्रकारास 'ज्यूस जॅकिंग' म्हणतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली आर्थिक फसवणुकीच्या प्रकारांवर प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत त्याचा उल्लेख आहे. म्हणून स्वतःचा चार्जर भिंतीवरील साध्या सॉकेटमध्ये लावणे सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल, तर फक्त वीज नेणारी केबल वापरावी; जी तारच नाही, तिच्यातून चोरी कशी होणार? मोबाइलने 'फाइल ट्रान्सफर' की 'केवळ चार्जिंग' असे विचारल्यास दुसरा पर्याय निवडावा.

आता सर्वत्र टाइप-सी तोंड येत आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ साली त्यासाठी मानक प्रसिद्ध केले. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्याने विक्रीस येणाऱ्या मोबाइल, टॅबलेट आणि ई-रीडरना ते सक्तीचे केले. त्यामुळे केबलींचा गुंता कमी होईल; परंतु तोंड सारखे म्हणजे गुण सारखे नव्हे. टाइप-सी केबलींतही काही लॅपटॉप चालविण्याइतकी वीज नेतात, काही नेत नाहीत. काहींतून माहिती वेगाने जाते, काहींतून सावकाश.

एखाद्या सुटीच्या दिवशी खणातील केबली बाहेर काढाव्यात. एकेक केबल मोबाइल आणि संगणक यांच्यात जोडून मोबाइलवर 'फाइल ट्रान्सफर' निवडावे. फाइली दिसल्या, तर त्या केबलवर 'माहिती' अशी चिठ्ठी लावावी; नुसतेच चार्जिंग झाले, तर 'प्रवास' अशी. तुटक्या, सैल झालेल्या किंवा तापणाऱ्या केबली बाजूला काढून टाकाव्यात. अर्ध्या तासाचे हे काम आहे. तिजोरीच्या किल्ल्या ओळखून ठेवणाऱ्या घराला ते अवघड नाही.