फिनिक्सच्या छायेतील गोठलेली मांडणी

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी घट मांडला जातो. धान्यांच्या रिंगणात विडा म्हणजे राजाची गादी. दुसऱ्या पहाटे मांडणीचे वाचन होते. भाकितावर कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो. गतकाळच्या मांडणीवरून नवे वर्ष वाचण्याचा वेडेपणा तेथे कोणी करीत नाही.

तो वेडेपणा न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात नित्य चालतो! सुरक्षा परिषदेचे दालन ही नॉर्वेची भेट. तेथील भव्य भित्तिचित्रात राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी आहे. महायुद्धाच्या राखेतून नवे जग उभे राहील, हा त्याचा आशय. चित्रासमोरच्या नालाकृती मेजाभोवती मात्र १९४५ च्या विजेत्यांचीच पाच स्थायी आसने, नकाराधिकारासह! १९६५ साली सदस्यसंख्या ११ वरून १५ झाली, पण वाढली ती केवळ अस्थायी आसने. भारत तेथे आठ वेळा बसला आणि प्रत्येक वेळी दोन वर्षांनी उठला.

१९८२ साली भारताने याच वास्तूला प्राचीन सूर्यमूर्ती अर्पण केली. सूर्य शोभेला हवा. सूर्योपासकांचे, जगातील सर्वाधिक लोकसंख्येचे राष्ट्र मात्र गादीवर नको! मांडणी बदलेपर्यंत तो फिनिक्स भिंतीवरचा रंगच राहणार.