रंजन आणि राज्यकारभार

लोकांना काय रुचते आणि लोकांच्या हिताचे काय आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे नेहमीच एक येत नाहीत, हे मुले वाढविणारी कोणतीही गृहिणी जाणते. राजकीय पक्ष आणि प्रसारमाध्यमे यांनी मात्र हा भेद विसरावयाचे जणू ठरविले आहे. रात्री नऊच्या सुमारास बहुतेक वृत्तवाहिन्यांवर एकच देखावा दिसतो. पडद्याच्या चौकटीत आठ-दहा माणसे एकाच वेळी ओरडत असतात, निवेदक त्यांच्याहून वरचा सूर लावतो आणि तासाभरानंतर प्रेक्षकाच्या पदरी एकही नवी माहिती पडलेली नसते. या गदारोळाला चर्चा म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंपरा, मर्यादा आणि सार्वजनिक संस्था यांचे ज्यांना मोल वाटते, त्या परंपरानिष्ठ वर्गाने याकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे आता परवडणारे नाही. कारण या खेळात जे खर्ची पडत आहे, ते जतन करणे हेच त्याचे कार्य आहे.

राजकारण आणि लोकरंजन यांचा संबंध आजचा थोडाच आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल आणि तो गैरलागू नाही. महाराष्ट्रात तर शाहिरांचे पोवाडे आणि कीर्तनकारांचे उत्तररंग यांनी लोकांना राजकारणाची गोडी लावली. १८९३-९४ च्या सुमारास गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले आणि लोकमान्य टिळकांनी त्याचा राष्ट्रकार्यासाठी कसा उपयोग करून घेतला, हे सर्वश्रुत आहे. मेळ्यांच्या पदांवर सरकारची करडी नजर असे. परंतु उत्सवात जागे झालेल्या मनाला विचाराची शिदोरी देण्यासाठी ‘केसरी’चे अग्रलेख होते आणि त्या अग्रलेखांनी वाचकाच्या बुद्धीला कधी कमी लेखले नाही. शिवाय कीर्तनकार गावाच्या समोर उभा राहून बोलत असे. चुकला तर श्रोत्यांपैकी कोणी जाणता त्याला तेथेच टोकू शके. रंजन हे तेथे विचाराचे दार होते. आज दाराचीच शोभा इतकी वाढविली गेली आहे, की आत घर आहे की नाही याची चौकशी कोणी करीत नाही.

यावर उपाय म्हणून माध्यमांचा लगाम सरकारच्या हाती द्यावा, असे सुचविणाऱ्यांनी आणीबाणीचा काळ आठवावा. १९७६ साली किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणीवरून बंद करण्यात आली; सत्ताधाऱ्यांच्या कार्यक्रमात गाण्यास त्यांनी नकार दिला, हा त्यांचा अपराध. पुढे ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम यांची सभा होती. त्या रविवारी दूरदर्शनने ‘बॉबी’ हा लोकप्रिय चित्रपट दाखविला. सभेची गर्दी रोडावी, हाच त्यामागील हेतू होता, असे तेव्हापासून मानले जाते. लोकांनी मैदान भरून टाकले आणि या युक्तीला उत्तर दिले. करमणुकीचे साधन सत्तेच्या हाती आले की ती त्याचा उपयोग लोकशिक्षणासाठी करीत नाही, लोकांना घरी बसविण्यासाठी करते, हा त्या अनुभवाचा धडा आहे.

सरकारी मक्तेदारी पुढे संपली. प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिच्यावर सरकारची वा खासगी धनिकांची मक्तेदारी असू नये, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली घालून दिला. या निर्णयाचा पूर्वार्ध सर्वांच्या ध्यानात राहिला, उत्तरार्ध विसरला गेला. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा सुरक्षा दलांच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण वाहिन्यांनी चालविले. या प्रकरणातील अपिलाचा निकाल देताना २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल कठोर ताशेरे ओढले. माध्यमांचे नियमन त्यांचे त्यांनीच करावे, या युक्तिवादाचीच या वर्तनाने हानी झाली, असे न्यायालयाने बजावले. २०१५ साली अशा थेट प्रक्षेपणास नियमाने मनाई करण्यात आली. तरीही स्वभाव पालटला नाही. २०२० साली एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी आपापली न्यायासने मांडली आणि माध्यमांचे असे खटले न्यायदानात ढवळाढवळ करतात, हे मुंबई उच्च न्यायालयाला जानेवारी २०२१ मध्ये सांगावे लागले. ज्याने स्वतःला आवर घातला नाही, त्याला दुसऱ्याचा आवर सोसावा लागतो. बेताल माध्यमे नियंत्रणोत्सुक सरकारच्या हाती आयते कोलीत देत असतात.

परंपरानिष्ठांची खरी कसोटी मात्र आपल्या सोयीचे रंजन समोर येते तेव्हा लागते. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, दूरदर्शन संचाला हार घातले जात. घरोघरी रामकथा पोचली याचा आनंद अस्थानी नव्हता. परंतु १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने सीतेची आणि रावणाची भूमिका करणाऱ्या कलावंतांना उमेदवारी दिली आणि दोघेही निवडून आले. २०२४ साली रामाची भूमिका करणारे अरुण गोविल मीरतहून लोकसभेत गेले. काँग्रेसने याआधीच, १९८४ साली, अमिताभ बच्चन यांना अलाहाबादेतून उभे केले होते. १९८७ साली ते राजीनामा देऊन मोकळे झाले. अभिनेत्याने राजकारणात येऊ नये, असा याचा अर्थ नाही. सुनील दत्त यांना मुंबईच्या मतदारांनी पाच वेळा लोकसभेत पाठविले, ते केवळ पडद्यावरील चेहऱ्यासाठी नव्हे. पंजाब पेटलेला असताना १९८७ साली मुंबईहून अमृतसरपर्यंत पायी जाणारा माणूस त्यांना ठाऊक होता. प्रश्न उमेदवाराच्या व्यवसायाचा नसून निवडीच्या निकषाचा आहे. ज्या कथेने मर्यादेला पुरुषोत्तमाचे विशेषण केले, त्या कथेची लोकप्रियता मतांच्या बाजारात मोडून खाणे परंपरेत बसत नाही. विरोधकांच्या उथळपणावर बोट ठेवावयाचे आणि आपल्या बाजूच्या उथळपणाला संस्कृतीचे नाव द्यावयाचे, हा दुटप्पीपणा परंपरेला तिच्या शत्रूंपेक्षा अधिक अपाय करतो.

तेव्हा सुधारणेचा आरंभ कोठून व्हावयाचा? कायद्याची नवी कलमे हे त्याचे उत्तर नाही. पक्षांनी उमेदवाराची प्रसिद्धी मोजण्याआधी त्याचे काम मोजावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण मतदार जोवर प्रसिद्धीलाच मत देतो, तोवर पक्ष ती पुरी करणार नाहीत. वाहिन्यांचेही तसेच. जो कोलाहल पाहिला जातो, तोच उद्या पुन्हा दाखविला जातो. म्हणून या प्रश्नाची किल्ली शेवटी शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशा सुशिक्षित मध्यमवर्गाच्या हाती येते. विधेयकात नेमके काय आहे, आपल्या प्रतिनिधीने सभागृहात कोणते प्रश्न विचारले, अंदाजपत्रकातील पैसा कोठे गेला, हे विचारणारा मतदार ज्या मतदारसंघात मोठ्या संख्येने असतो, तेथे विदूषकी करणाऱ्यांचे फारसे चालत नाही. शाळेच्या वादविवाद स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचे म्हणणे आधी नीट ऐकून मग खोडावयाचे, हा नियम मुलांना शिकविला जातो. तोच नियम मोठ्यांनी रात्री नऊ वाजता पायदळी तुडविला, तर शाळेतील धडा फुकट जातो.

राज्यकारभार हे कंटाळवाणे काम आहे आणि ते तसेच असावयास हवे. पाणीपुरवठा, धान्याचे भाव, न्यायालयांतील तुंबलेले खटले यांत नाट्य कमी आणि चिकाटी फार. या कंटाळ्याला सामोरे जाण्याची सवय समाजाने सोडली, तर कारभार त्याच्या नावाने चालेल, पण तो चालविणाऱ्यांना जाब विचारणारा कोणी उरणार नाही. ही सवय टिकविणे यासारखे दुसरे परंपरारक्षण आज नाही.