गवळाऊचा उपयोग आणि गवळाऊचा वंश

पशुवैद्यक आणि पशुपालनाच्या क्षेत्रात एक समज फार जुना आणि फार सोयीचा आहे: जे जनावर माणसाच्या कामी येते ते टिकते, आणि ज्याचा काही उपयोग उरत नाही ते आज ना उद्या नामशेष होते. देशी जनावरांच्या संवर्धनाचे बहुतेक प्रस्ताव याच समजावर उभे असतात. दूध, शेणखत, ओढकाम, उष्णता सोसण्याची ताकद अशी उपयोगांची जंत्री जोडली की जात वाचवण्याचे निम्मे काम झाले असे गृहीत धरले जाते. नागपूरहून कोराडी, सावनेर आणि पुढे छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांचा मुलूख हा समज तपासून पाहण्यास विशेष योग्य आहे, कारण गवळाऊ गाय-बैल आणि नागपुरी म्हैस या विदर्भाच्या दोन मान्यताप्राप्त जाती येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या, दोन्ही केवळ उपयोगासाठी जोपासल्या गेल्या, आणि आज दोन्हींच्या शुद्ध वंशाची चिंता करण्याची वेळ याच मुलखावर आली आहे.

येथे प्रथम दोन संज्ञा वेगळ्या केल्या पाहिजेत. प्रजाती म्हणजे ज्या प्राण्यांचा आपापसात संकर होऊन प्रजननक्षम संतती होते असा नैसर्गिक गट; जात म्हणजे त्याच प्रजातीतील, एका प्रदेशात माणसाने निवडीने घडवलेला आणि ठरावीक लक्षणे पुढच्या पिढीत उतरवणारा गट. गाय ही प्रजाती उपयोगामुळे टिकली यात शंका नाही. जगात आज दीड अब्जाच्या आसपास गोवंश आहे. मात्र युरोपातील गोवंशाचा रानटी पूर्वज असलेला ऑरॉक्स हा बैल १६२७ साली पोलंडमधील याक्तोरूवच्या जंगलात संपला. एककुबडी उंटाचा रानटी वंश तर कुठेच उरलेला नाही. तो उंट आज केवळ पाळीव रूपात जगतो, आणि भारतात त्याचे ओझे वाहण्याचे काम मोटारींनी घेताच त्याची संख्या २०१२ ते २०१९ या सात वर्षांत चार लाखांवरून अडीच लाखांवर आली. याच काळात गाढवांची संख्या सुमारे ३ लाख २० हजारांवरून १ लाख २० हजारांवर घसरली. विसाव्या पशुगणनेतील हे आकडे पाहिले की प्राण्याच्या अंगचे गुण जसेच्या तसे राहूनही माणसाची गरज हलताच त्याचा आधार कसा निसटतो हे स्पष्ट होते.

उपयोगाचा याहून कठोर नमुना चित्त्याचा आहे. काळवीट धरण्यासाठी शिकवलेला चित्ता मोगल दरबारापासून कोल्हापूर संस्थानापर्यंत मानाचा प्राणी होता, त्याच्यासाठी माणसे नेमलेली असत, त्याला मांस, निवारा, देखभाल यांत काही उणे पडत नसे. परंतु बंदिवासात त्याची वीण जवळजवळ होतच नसे. जहांगीरच्या काळी एकदा पिल्ले झाली ती घटना नोंदवून ठेवण्याइतकी दुर्मीळ ठरली. त्यामुळे दरबारात लागणारा प्रत्येक चित्ता रानातून धरून आणावा लागे, आणि ज्या प्राण्याला सर्वाधिक मागणी त्याचेच रान रिकामे होत जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले, आणि १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. चित्ता उपयोगी होता, पण त्याची पैदास कोणाच्याही हाती नव्हती.

ही गोष्ट राजेरजवाड्यांच्या शिकारखान्याची म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण गवळाऊच्या बाबतीत नेमके हेच, केवळ संथ गतीने, घडत आले आहे. गवळाऊ ही मध्यम उंचीची, हलक्या बांध्याची, लांबट चेहऱ्याची आणि आखूड शिंगांची जात. गाय पांढरी, बैल मानेवर व खांद्यावर करडा. पशुपैदाशीच्या ग्रंथांत मराठ्यांच्या फौजांची वाहतूक जलद व्हावी म्हणून ही जात जोपासली गेली असा उल्लेख येतो, आणि वर्धा जिल्ह्यातील आर्वीच्या नावानेही ती ओळखली जाते. रेंगीला, म्हणजे हलक्या बैलगाडीला, जुंपलेली गवळाऊची जोडी मैलोगणती दुडक्या चालीने जाई. म्हणजे या जातीची मूळ परीक्षा पायांची होती, कासेची नव्हती. एका वेताला सरासरी सहाशे किलोग्रॅमच्या आसपास दूध देणाऱ्या गाईला त्या काळी कोणी कमी लेखत नसे, कारण तिच्या पोटी येणाऱ्या गोऱ्ह्यांवर घरची वहिती चाले. पुढे ट्रॅक्टर आला, मालमोटारी आल्या, कोराडी-खापरखेड्याच्या पट्ट्यात चराईच्या जागा वीजकेंद्रे, राखेचे बंधारे, वसाहती आणि रुंद रस्ते यांच्याखाली गेल्या, आणि तीच गाय एका वेताला अडीच-तीन हजार लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईशेजारी उभी करून मोजली जाऊ लागली. देशभरात २०१२ ते २०१९ या काळात गाईंची संख्या १८ टक्क्यांनी वाढली आणि नर गोवंशाची सुमारे ३० टक्क्यांनी घटली, यातच ओढकामाची गरज किती ओसरली ते दिसते.

तरीही बैलाचे काम अगदीच संपलेले नाही, आणि ते कोठे उरले आहे हे व्यावसायिकांनी बारकाईने पाहिले पाहिजे. कपाशी आणि तुरीच्या तासांतून पीक गुडघ्याच्या वर आल्यावर डवरणी करायची असते तेव्हा ट्रॅक्टरचे चाक तासात मावत नाही, पावसाच्या उघडिपीत काळी जमीन वाफशावर येण्याचे दिवस थोडे असतात, आणि तेथे तोंडाला मुसके बांधलेली, तास न मोडता चालणारी हलकी जोडीच लागते. गवळाऊचा बांधा या कामासाठी नेमका आहे. पण हे काम वर्षातून काही आठवड्यांचे, आणि त्यातही तणनाशकाने मोठा वाटा उचललेला. एवढ्या कामासाठी वर्षभर कडबा-कुटार घालून जोडी सांभाळणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही, तो डवरणीपुरती जोडी भाड्याने आणतो. उपयोग शिल्लक आहे, पण त्या उपयोगातून पाळणाऱ्याचा वर्षाचा खर्च निघत नाही, आणि ज्याचा खर्च निघत नाही तो माणूस गाय फळवताना गवळाऊचा विचार करील ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

बैलाच्या उपयोगात वंशाच्या दृष्टीने आणखी एक घातक गोष्ट दडलेली आहे, आणि तिच्याकडे या क्षेत्राने पुरेसे लक्ष दिलेले नाही. गोठ्यातला जो गोऱ्हा सर्वांत उंच, देखणा, चालीला उत्तम, तोच कामासाठी निवडला जातो. कामासाठी निवडला की त्याचे खच्चीकरण होते. पशुवैद्यक खोड्यात उभ्या असलेल्या गोऱ्ह्याची वृषणरज्जू बर्डिझो चिमट्यात धरतो आणि काही क्षणांत ते जनावर कामाचे होते व वंशातून कायमचे बाद होते. उपयोगाने निवडलेला सर्वोत्तम नर याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या पैदाशीबाहेर जात राहिला, आणि गावकळपात फिरणाऱ्या उरल्यासुरल्या गोऱ्ह्यांनी गाई फळत राहिल्या. पूर्वी देवाच्या नावाने सोडलेला वळू हा या गळतीवरचा उपाय होता. त्याला कोणी जुंपत नसे, कोणी बांधत नसे, आणि त्याचे खाणे साऱ्या शिवाराने सोसलेले असे. प्रत्यक्ष कामाच्या हिशेबात शून्य ठरणाऱ्या त्या नराने जात राखली, हे उपयोगवादाच्या समर्थकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

आज त्या वळूची जागा द्रव नायट्रोजनच्या पात्राने घेतली आहे. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेल्या पाव मिलिलिटरच्या कांड्यांपैकी कोणती बाहेर काढून ३७ अंशांच्या पाण्यात सोडायची, या एका निर्णयावर गाईच्या पुढच्या पिढीची जात ठरते, आणि हा निर्णय गाईच्या मालकाच्या इच्छेपेक्षा पात्रात त्या दिवशी काय आहे यावर अधिक अवलंबून असतो. पात्रात होल्स्टीन, जर्सी, गीर, साहिवाल आणि मुऱ्हा असतील, तर गवळाऊ गाईच्या किंवा नागपुरी म्हशीच्या मालकाला स्वतःची जात राखण्याचा पर्यायच उरत नाही. गीर आणि साहिवाल याही देशी जातीच आहेत, म्हणून त्यांच्या रेतनाने देशी गोवंशाचे संवर्धन होते असे अनेकदा सांगितले जाते. पण गवळाऊच्या दृष्टीने गीर तितकीच परकी आहे. नागपुरी म्हशीची लांब, चपटी, मानेवरून खांद्यापर्यंत मागे गेलेली शिंगे मुऱ्ह्याच्या एक-दोन पिढ्यांत वळू लागतात. शिंगांबरोबर विदर्भाच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, निकृष्ट वैरणीवर तग धरण्याची या म्हशीची क्षमताही पातळ होत जाते, आणि ती गेल्याचे शेतकऱ्याला पुष्कळ उशिरा कळते.

उपयोगाच्या शर्यतीत जिंकलेल्या जातींचा वंश तरी सुरक्षित आहे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. यासाठी परिणामी प्रजननसंख्या ही कल्पना समजून घ्यावी लागते. कळपात डोकी किती यापेक्षा पुढच्या पिढीला आनुवंशिक द्रव्य देणारे नर व माद्या किती आणि कोणत्या प्रमाणात, यावर जातीतील विविधता टिकते. प्रजनन करणाऱ्या नरांची व माद्यांची संख्या यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला त्यांच्या बेरजेने भागले की हा आकडा मिळतो. दहा हजार गाई दहाच वळूंच्या रेताने फळवल्या तर तो जेमतेम ४० येतो, आणि जागतिक अन्न व कृषी संघटना ज्या किमान मर्यादेचा आधार घेते ती ५० आहे. अमेरिकेत कृत्रिम रेतनासाठी वापरलेल्या होल्स्टीन वळूंचा पितृवंश शोधला असता जवळजवळ सर्व वळू गेल्या शतकातील दोनच वळूंपर्यंत मागे जातात असे आढळले. कोट्यवधींच्या संख्येने जगभर पसरलेली, मानवी इतिहासातील कदाचित सर्वांत उपयोगी गाय आतून इतकी अरुंद झालेली आहे. लिंगवर्गीकृत रेतामुळे, म्हणजे प्रामुख्याने कालवडीच जन्माव्यात अशा रीतीने वेगळ्या केलेल्या रेतामुळे, गोऱ्हे जन्मण्याचेच प्रमाण घटेल. दूध उत्पादकाला त्यातून दिलासा मिळतो हे मान्य करूनही लहान संख्येच्या जातीत हे तंत्र वापरताना पुढचा वळू कोठून येणार याचे उत्तर आधी हाती असले पाहिजे.

माणसाला अत्यंत उपयोगी असूनही जवळजवळ संपलेला प्राणी शोधायचा तर पशुवैद्यकाला दूर जावे लागत नाही. गिधाडाने मेलेल्या जनावरांची विल्हेवाट विनामूल्य लावली, आणि त्या मोबदल्यात या व्यवसायाकडून त्याला डायक्लोफिनॅक मिळाले. वेदना आणि सूज कमी करणारे हे औषध दिलेले जनावर लवकरच दगावले, तर त्याचे मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, आणि युरिक आम्लाचे पांढरे थर यकृतावर, हृदयावरणावर साचून पक्षी काही दिवसांत मरतो. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ साली निश्चित झाले, २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यापर्यंत पोहोचत राहिल्याने २०१५ साली एका कुपीतील मात्रा तीन मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली, आणि केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवर बंदी यायला २०२३ उजाडले. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय २००६ पासूनच्या या सर्व काळात माहीत होता. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून २०२४ साली पेंच आणि ताडोब्यात आणलेल्या गिधाडांचे भवितव्य परिसरातल्या प्रत्येक दवाखान्यात लिहिल्या जाणाऱ्या औषधचिठ्ठीशी बांधलेले आहे. गिधाडाचा उपयोग सर्वांना होता, पण त्याचा लाभ ज्याच्या हिशेबवहीत चढतो असा एकही माणूस नव्हता, म्हणून तो उपयोग त्याच्या कामी आला नाही.

देशी गाईला आधार देण्याचे जे मार्ग शासनाने निवडले, त्यांकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाची तरतूद केली. भाकड, वृद्ध जनावरांना निवारा देण्याचे गोशाळांचे काम आदरणीय आहे. परंतु जेथे विविध जातींची जनावरे एकत्र राहतात आणि पैदास हा उद्देश नसतो, तेथे दिलेला पैसा जीव वाचवतो, जात वाचवत नाही. जात राखतो तो गावात गवळाऊ गाय गवळाऊ वळूकडूनच फळवणारा पशुपालक, आणि तो या अनुदानाच्या बाहेर आहे. शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, समर्थकही शर्यतीमुळे जातिवंत बैल टिकतात असे म्हणतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने आणलेली आणि २०२३ साली घटनापीठाच्या निर्णयाने पूर्णतः निकाली निघालेली बंदी या वादाला कारण झाली. शर्यतीमुळे चांगल्या गोऱ्ह्याला चांगला भाव येतो एवढे खरे. पण पट केवळ वेग मोजतो, वंशावळ विचारत नाही.

या विवेचनावरून व्यवसायापुढे येणारे काम बरेच लहान आणि रोजचे आहे. कानातील बारा अंकी बिल्ल्याची नोंद करताना गवळाऊ लक्षणांची गाय दिसत असूनही ‘गावठी’ किंवा ‘अवर्णित’ असा शिक्का सवयीने मारला जातो. तसे झाले की ती गाय शासनाच्या लेखी गवळाऊ उरत नाही आणि जातीसाठीची कोणतीही योजना तिच्यापर्यंत पोहोचत नाही. रेतन केल्यावर वळूचा क्रमांक पशुपालकाच्या पत्रिकेवर लिहिला जात नाही, म्हणून चार वर्षांनी त्याच वळूच्या मुलीला त्याचेच रेत दिले जाते. वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडीच्या शासकीय प्रक्षेत्रावर गवळाऊ जोपासली गेली आहे, पण एका प्रक्षेत्रावरचा कळप साऱ्या मुलखाचा वंश सांभाळू शकत नाही. त्यासाठी गावागावांत विखुरलेले, एकमेकांशी नाते नसलेले नर लागतात. म्हणून सावनेर, काटोल, आर्वी, कारंजा या भागांतील पशुवैद्यकाकडे खच्चीकरणासाठी गोऱ्हा आणला जाईल तेव्हा चिमटा उचलण्यापूर्वी त्याने आईचे दूध, बापाची ओळख आणि गोऱ्ह्याची लक्षणे पाहावीत, जातीला साजेसा नर असेल तर मालकाला थांबण्याची विनंती करावी, आणि असा वळू सांभाळणाऱ्यास महिन्याचा वैरणखर्च मिळावा अशी मागणी पशुवैद्यकांच्या संघटनांनी पशुसंवर्धन विभागाकडे लेखी करावी.